आधी पोर ओळखा, मग फेऱ्या लिहा

तालुक्याच्या ग्राउंडवर पहाटे साडेपाचला दोन प्रकारची गर्दी असते. एक पोलीस भरतीवाल्यांची, दुसरी शाळा-कॉलेजच्या स्पर्धांची तयारी करणाऱ्यांची. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. स्पर्धेत ८०० आणि १५००. अंतरं जवळजवळ तीच, म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करून "चला, दहा राउंड, मग चारशेचे सहा" असं सांगून टाकणं सोपं असतं. क्रीडाशिक्षिका म्हणून बरीच वर्षं मी या गर्दीत उभी आहे. आळसानं वाया गेलेली पोरं मी थोडी पाहिली. दुसऱ्याच्या मापाचा सराव करून थकलेली, कंटाळलेली आणि शेवटी ग्राउंड सोडून गेलेली पुष्कळ पाहिली. त्या पोरांसाठी हे लिहिते आहे.

१. वेळ एक, पोरं दोन

एका मोसमात माझ्याकडे दोन मुलं होती. आठशेला दोघांनाही २ मिनिटं २ सेकंद लागायचे. पण पहिला चारशे मीटर ५१ सेकंदांत मारायचा आणि पंधराशेला साडेचार मिनिटं घ्यायचा. दुसऱ्याला चारशेला साडेपंचावन्न सेकंद लागायचे, पण पंधराशे तो ४ मिनिटं ९ सेकंदांत संपवायचा. पहिल्याकडे वेग होता, तो टिकत नव्हता. दुसऱ्याकडे दम होता, वेगच तोकडा पडत होता. एकाला जे हवं होतं ते दुसऱ्यापाशी आधीच भरपूर होतं. दोघांना एकच सराव दिला असता तर निदान एकाचं नुकसान ठरलेलंच होतं.

याचं मूळ या शर्यतीतच आहे. आठशेला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा शरीर प्राणवायू वापरून तयार करतं, उरलेली त्याच्याशिवाय. पंधराशेत प्राणवायूचा वाटा चार-पंचमांशाच्या आसपास जातो. त्यामुळे आठशेकडे दोन्ही बाजूंनी येता येतं. कोणी दोनशे-चारशेकडून येतो, कोणी तीन हजार-पाच हजाराकडून.

ओळखायची माझी रीत साधी आहे. पाय ताजे असताना एक चारशे, चार-पाच दिवसांनी एक आठशे, आणखी आठवड्याभरानं पंधराशे. मग आठशेच्या वेळेतून चारशेच्या वेळेची दुप्पट वजा करायची. वरच्या पहिल्या मुलाचा फरक आला २० सेकंद, दुसऱ्याचा ११. फरक मोठा असेल तो चारशेकडून आलेला, छोटा असेल तो पंधराशेकडून आलेला. मधला, चौदा-पंधरा सेकंदांचा फरक असलेला, अस्सल आठशेवाला. असे कमीच सापडतात. पण नुसत्या आकड्यांवर मी निकाल देत नाही. जोरकस दोनशे मारून कोण हसत परत येतो, लांब धावून आल्यावर कोण गप्पा मारत पाणी पितो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कोणाच्या मांड्या भरलेल्या असतात, हेही वहीत लिहून ठेवते.

२. दोन्ही वाटांनी सुवर्णपदकं आली आहेत

पालकांना, कधीकधी सहकारी शिक्षकांनाही वाटतं की कुठेतरी एक खरी पद्धत आहे आणि ती आपल्याला कोणी सांगितलेली नाही. त्यांना मी तीन धावपटूंबद्दल सांगते.

न्यूझीलंडचा पीटर स्नेल दणकट बांध्याचा होता. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आठशेच्या या धावपटूला आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळवलं. ऑकलंडजवळच्या वायटारुआच्या डोंगररस्त्यावरची पस्तीस किलोमीटरची फेरी त्या सरावातच होती. आधी लांब धावण्याचा पाया, मग चढावरच्या उड्या, आणि ट्रॅकवरचा वेग सर्वांत शेवटी. स्नेलनं १९६० साली रोमला आठशेचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९६४ साली टोकियोत आठशे व पंधराशे दोन्ही जिंकल्या.

क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना नेमका उलट बाजूनं आला. तो चारशेचा धावपटू होता. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकच्या वर्षीच त्यानं आठशे मनावर घेतली आणि त्या ऑलिंपिकमध्ये १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून ती जिंकली. चारशेचं सुवर्णही त्याचंच. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणं त्याच्याआधी खऱ्या अर्थानं कोणाला जमलं नव्हतं.

स्नेलचा सराव हुआंतोरेनाला दिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी मुलांपुढे टाकते आणि त्यांना वाद घालू देते. वाद घालणारं पोर स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला लागतं.

तिसरं उदाहरण सेबॅस्टियन को याचं. त्याचे वडील पीटर को अभियंता होते आणि तेच त्याचे प्रशिक्षक. चारशेच्या वेगापासून पाच हजारांच्या वेगापर्यंत सगळे वेग वर्षभर थोडेथोडे चालू ठेवायचे, हा त्यांचा आग्रह होता. १९८१ साली फ्लॉरेन्सला सेबॅस्टियननं आठशे १ मिनिट ४१.७३ सेकंदांत धावून दाखवली. तो विक्रम सोळा वर्षं मोडला नाही. अस्सल आठशेवाल्या पोरासाठी मी हीच वाट धरते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. लिडियार्ड यांचे किलोमीटर मोठ्या, तयार माणसांसाठी होते. पंधरा वर्षांच्या पोराच्या नडगीवर ते लादणं हा अन्याय आहे.

३. चारशेकडून आलेल्याला लांब पळवून दम येत नाही

"दम कमी पडतो ना, मग रोज दहा किलोमीटर पळव." वेगवान मुलाला सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला हाच, आणि सर्वांत घातकही. महिना-दीड महिन्यात त्याचा वेग मंदावतो, पाय जड होतात, आणि दम तर जेमतेम वाढलेला असतो. त्याच्या स्नायूंत वेगानं आकसणारे तंतू जास्त असतात. संथ, लांब धावणं त्यांना मानवत नाही आणि अति जोराचा सराव झाला तर ते सावरायला वेळ घेतात. म्हणून त्याचा दम तुकड्यातुकड्यानं वाढवावा लागतो.

असं पोर आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे पंचवीस-तीस मिनिटं सावकाश धावतं, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगानं. एक दिवस दोनशेचे दहा, प्रत्येकी ३४-३५ सेकंदांत, मध्ये मिनिटभर चालणं. ५१ सेकंदांत चारशे मारणाऱ्याला हा वेग खेळ वाटतो, आणि तसाच वाटायला हवा. आठवडे जातील तसे दहाचे बारा, चौदा करायचे आणि मधलं चालणं कमी करत आणायचं. वेग वाढवायचा नाही. "मॅडम, तीसमध्ये मारू का?" असं पोर दर वेळी विचारतं. मी दर वेळी नाही म्हणते, कारण तीस सेकंदांच्या वेगाला दम वाढायचा थांबतो आणि पोर आपली ठेव मोडायला लागतं.

आणखी एक दिवस फक्त वेगाचा. दीडशेचे तीन किंवा चार, मध्ये पाच-सहा मिनिटं पूर्ण विश्रांती. आणि दहा-बारा दिवसांतून एकदा खरा कस. ५०० मीटर शर्यतीच्या वेगानं, आठ मिनिटं थांबून ३०० मीटर, बस. त्यानंतर दोन दिवस स्टॉपवॉच घरी.

ग्राउंडच्या कडेला उलट्या होईपर्यंत धावण्याचं पोरांना मोठं कौतुक असतं आणि काही ठिकाणी शिकवणाऱ्यांनाही असतं. माझ्या ग्राउंडवर ज्याला उलटी झाली त्याचा सराव त्या दिवशी तिथेच संपतो. वेगवान मुलं स्वतःला पार रिकामं करू शकतात. तीच त्यांची ताकद आहे आणि ती शर्यतीच्या दिवसासाठी शिल्लक ठेवायची असते.

४. पंधराशेकडून आलेलं पोर आज्ञाधारक असतं, तिथेच सांभाळायचं

हे पोर सांगाल तेवढे राउंड मारतं. तक्रार नाही, खाडा नाही. म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि वर्षभर ते एकाच चालीत पळत राहतं. त्या चालीत त्याला कोणी हरवत नाही, पण शेवटच्या तीनशे मीटरला सगळे पुढे निघून जातात.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं दमदार धावणं. एखादं वाक्य बोलता यावं, गप्पा मात्र मारता येऊ नयेत, इतकाच वेग. दुसऱ्या एखाद्या दिवशी हजाराचे पाच, मध्ये अडीच मिनिटं. ४ मिनिटं ९ सेकंदांत पंधराशे धावणाऱ्याला हजार मीटर ३ मिनिटं ५ सेकंदांच्या आसपास पुरतात. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेननं टोकियो ऑलिंपिकमध्ये पंधराशे ३ मिनिटं २८.३२ सेकंदांत जिंकली तेव्हापासून पोरं मोबाइलवर त्याचे सराव बघून येतात. एका दिवसात दोन वेळा असं दमदार धावणं, मध्येमध्ये रक्ताचा थेंब काढून त्यातलं लॅक्टेट मोजणं. पोरांना त्यातलं 'दोन वेळा' एवढंच दिसतं. मी त्यांना ते मोजणं कशासाठी आहे ते समजावते. ठरवलेल्या पातळीच्या वर जायचं नाही, यासाठी ते यंत्र असतं. तो संयम आपल्याला यंत्राशिवायही पाळता येतो. वाक्य अर्धवट तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

वेगासाठी वेगळा दिवस या पोराला लागत नाही, पण वेग आठवड्यातून दोनदा तरी अंगाला लागला पाहिजे. सावकाश धावून झालं की चढावर आठ-दहा सेकंदांची झेप, सहा ते आठ वेळा, दर वेळी चालत खाली यायचं. सुरुवातीला त्यांना हे फुकटचं वाटतं, कारण धाप लागत नाही. दोन-अडीच महिन्यांत चारशेची वेळ दीड-दोन सेकंदांनी उतरते, तेव्हा पटतं.

५. थांबायचं किती, हे नाडीला विचारा

जर्मनीत १९३०च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकानं हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञाबरोबर तुकड्यांच्या सरावाचं शास्त्र बसवलं. त्यांचा हिशोब आजही ग्राउंडवर वापरता येतो. धावताना नाडी १८० पर्यंत जाऊ द्यायची, मग थांबायचं. दीड मिनिटात ती १२० वर उतरली पाहिजे. उतरली नाही तर वेग जास्त होता किंवा त्या दिवसाचा सराव पुरे झाला. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ साली मिलानला आठशे १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून केलेला विक्रम १९५५ पर्यंत टिकला.

माझी पोरं मानेवर दोन बोटं ठेवून सहा सेकंद ठोके मोजतात. बारावर उतरले की १२०. पुढच्या तुकड्याला तयार.

पण ही मोजणी दोनशेच्या सावकाश तुकड्यांसाठी. पूर्ण वेगाच्या दीडशेनंतर नाडी लवकर उतरते आणि पाय मात्र तयार नसतात, खास करून चारशेकडून आलेल्यांचे. तिथे नाडीवर विसंबायचं नाही, घड्याळाची पाच-सहा मिनिटं पुरी भरू द्यायची.

६. पहिली फेरी प्रत्येकाची वेगळी

१९७६ च्या माँट्रिअल अंतिम शर्यतीत हुआंतोरेनाबरोबर आपले श्रीराम सिंग होते. प्रशिक्षक इलियास बाबर यांचे शिष्य, सैन्यातले. पहिली फेरी त्यांनी सर्वांच्या पुढे राहून ५०.८५ सेकंदांत धावली. शेवटी सातवे आले, वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ साली जिन्सन जॉन्सननं मोडेपर्यंत बेचाळीस वर्षं राहिला. सातव्या क्रमांकाच्या या धावेबद्दल मला अपार आदर आहे, आणि दर वर्षी नव्या मुलांना मी ती सांगतेच.

आठशेत पहिली फेरी थोडी वेगानंच जाते. लंडनला २०१२ साली डेव्हिड रुडिशानं १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली फेरी ४९.२८ ची होती, दुसरी ५१.६३ ची. प्रश्न असतो तो किती वेगानं, एवढाच. ५१ सेकंदांत चारशे मारणाऱ्या माझ्या मुलाला ५६ ची पहिली फेरी सोपी वाटायची. शेवटच्या दीडशेला त्याचे गुडघे उचलेनासे व्हायचे. त्याला ५८-५९ वर बांधायला काही स्पर्धा खर्ची पडल्या, पण नंतर तो शेवटच्या सरळ रेषेत लोकांना मागे टाकायला लागला. साडेपंचावन्नवाल्याला हाच उपदेश लागू नव्हता. त्यानं ५७ ला हात घातला असता तर तो तिथेच गुदमरला असता. त्याची साठ आणि साठ अशी समान धाव बसवली आणि दोन मिनिटांची रेषा त्यानंच आधी गाठली.

पंधराशेत डाव उलटतो. संथ शर्यत नेहमी वेगवानाची होते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पंधराशे ३ मिनिटं ४४.७२ सेकंदांत संपली आणि आठशेचा राष्ट्रीय विक्रमवीर जिन्सन जॉन्सननं ती जिंकली. म्हणून दमवाल्या पोराला मी सांगते, बाळा, शेवटच्या फेरीची वाट बघू नकोस. आठशे मीटर झाले की चाल वाढव आणि वेगवानांचे पाय आधीच भरू दे.

७. मुलींची वेळ अडली की आधी रक्त तपासा

मुलींमध्येही हेच प्रकार आणि हेच सराव. पण 'हिचा दम संपला' हा शेरा मुलींवर फार लवकर मारला जातो. तेरा ते सोळा या वयात अंग भरतं, कंबर रुंदावते, वर्ष-दोन वर्षं वेळ जागची हलत नाही. हे वाढणं आहे. त्या काळात तिला कमी खायला सांगणाऱ्या माणसाला मी ग्राउंडवर उभं करणार नाही.

असा शेरा घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली होती. सराव चोख, झोप चोख, आणि आठशेच्या दुसऱ्या फेरीत पाय शिशाचे. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. मुलींमध्ये ते १२ च्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आईला बसवून सांगितलं, जेवणाबरोबर चहा बंद, पालेभाजीवर लिंबू पिळ, हरभरे-मटकी रोज. काही महिन्यांत हिमोग्लोबिन १२ वर आलं. सराव आम्ही तोच ठेवला होता, आणि तिचा 'संपलेला' दम परत आला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मुलीची वर्षातून दोनदा तपासणी होते.

पाळी थांबली तर 'सराव चांगला चाललाय' असं समजणारे लोक अजून आहेत. ती धोक्याची खूण आहे. खाणं कमी पडतंय, हाडं कमजोर होतायत. मी हे मुलींना थेट विचारते, आणि पुरुष प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की शाळेतल्या एखाद्या बाईंना हे विचारायची जबाबदारी द्या. लाजेपायी गप्प राहू नका.

८. ग्राउंड नाही ही अडचण आहे, सबब नाही

स्नेलनं १९६२ साली क्राइस्टचर्चला केलेला १ मिनिट ४४.३ सेकंदांचा विश्वविक्रम गवतावर झाला. रुडिशाचे प्रशिक्षक ब्रदर कोल्म ओ'कॉनेल १९७६ साली केनियातल्या इटेनला आले होते ते धावणं नव्हे, भूगोल शिकवायला. आपल्याकडे चुन्याची फक्की मारलेली मुरुमाची फेरी आहे, पाऊस झाला की तीही जाते. मग गावाबाहेरचा चढ असतो. चढावर वेग कमी आणि मेहनत जास्त, सांध्यांना मार कमी. पावसाळ्यातला चढाचा सराव आमच्या मुलांना शालेय स्पर्धांच्या मोसमात पुरतो.

भरतीवाल्यांनाही मी प्रकार ओळखूनच वेगळं करते. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आली की पूर्ण गुण. पण तिथे शंभर मीटरही असते, म्हणून नुसता दम वाढवून गुण निसटतात. उशिरा सुरुवात केल्याची खंत करणाऱ्यांना बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं नाव पुरतं. सैन्यात गेल्यावर तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला, आणि २०२४ साली पॅरिसला स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला.

९. प्रकार कायमचा लिहून ठेवू नका

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली यायची. तीच पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. बेचाळीस किलोमीटरवरून तीन किलोमीटरवर. सोळाव्या वर्षी चारशेचं दिसणारं पोर एकोणिसाव्या वर्षी पंधराशेचं निघतं, उंची वाढली की चाल बदलते, दोन पावसाळे चढ चढला की दम येतो. म्हणून चारशे, आठशे आणि पंधराशेची ती चाचणी मी जूनमध्ये घेते आणि दिवाळीनंतर पुन्हा घेते, जुन्या पोरांचीही.

सध्या एक मुलगी आहे, आली तेव्हा चारशेशिवाय काही नको म्हणायची. जूनमध्ये तिचा आठशे-चारशेचा फरक १९ सेकंद होता, आता १५ वर आला आहे. तिच्या वडिलांना वाटतं तिनं चारशेच धरावी. दिवाळीनंतरची पंधराशे झाली की आम्ही तिघं बसून ठरवू. तोवर तिचे दोनशेचे दहा ३९ सेकंदांतच होतील, ३६ मध्ये नाहीत.